न फिरणारा चेंडू

पुतण्याच्या मुलाच्या साखरपुड्यासाठी धुळ्याला गेले होते. जेवणं आटोपल्यावर कार्यालयातून बाहेर पडले आणि कुणाला न सांगता नदीकडे चालत राहिले. पांझरेच्या काठाला आमच्या अध्यापिका विद्यालयाचं मैदान होतं, तिथं आता ट्रक दुरुस्त करणाऱ्यांची ओळच्या ओळ आहे. वेल्डिंगचा निळा उजेड, जळक्या ऑइलचा वास, उघड्या बोनेटात कंबरेपर्यंत शिरलेली माणसं. तरी मी ज्या जागी उकिडवी बसत असे ती जागा मला सापडली. दक्षिणेला लळिंगचा डोंगर तेवढाच आहे, आणि त्याच्या उजव्या खांद्याशी नजर लावली की मधोमध वच्छला उभी असायची.

"काय पाहिजे, आजी?" एका कारागिरानं विचारलं.

"काही नाही. इथं आमचं मैदान होतं."

"असेल," तो म्हणाला, आणि पुन्हा बोनेटात शिरला.

छप्पन साल असेल, किंवा त्याच्या आगेमागे. आम्ही चाळीसएक जणी तिथं मास्तरीण व्हायला शिकत होतो. वसतिगृह म्हणजे दोन लांबलचक खोल्या, मागं हौद, पुढं लिंबाची तीन झाडं. सकाळी सरकीच्या तेलाच्या घाण्यावरून वारा आला की पेंडीचा गरम, गोडसर वास खिडकीतून आत यायचा आणि पोटात भूक उठायची. थंडीच्या दिवसांत स्वयंपाकीणबाई मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ करून वांगी भाजायच्या. त्या भरिताचा धूर केसांत दोन-दोन दिवस राहायचा. आज मला त्या वर्गातला एकही धडा आठवत नाही, पण तो धूर आठवतो.

आमच्या ड्रिलच्या बाई म्हणजे डॅनियलबाई. मूळच्या नगरकडच्या, पण शारीरिक शिक्षण त्या मद्रासला शिकल्या होत्या. तिथं कुणी अमेरिकन शिक्षक होते, त्यांच्याकडून त्यांनी बेसबॉल उचलला होता. धुळ्याला येताना ट्रंकेत एक चामडी पंजा, दोन चेंडू आणि एक दांडकं घेऊन आल्या. दांडकं पहिल्याच महिन्यात फुटलं, मग सुतारानं बाभळीचं करून दिलं. ते इतकं जड होतं की आमच्यातल्या निम्म्या जणींना ते उचलून फिरवता येत नसे. चार कोपऱ्यांना सरकी भरलेली चार पोती ठेवायची, एकीनं चेंडू फेकायचा, दुसरीनं दांडक्यानं मारायचा आणि पोत्यांवरून पळत परत यायचं. मारणारीच्या मागं एकजण उकिडवी बसून सुटलेला चेंडू झेलायची. तो चामडी पंजा तिच्या डाव्या हातात. तीन वेळा दांडकं चुकलं की मारणारी बाद.

झेलणारी मी होते. मी फार चपळ होते असं नाही. बाईंनी सगळ्यांच्या तोंडावर एकेक चेंडू फेकून पाहिला आणि डोळे मिटले नाहीत ती मी एकटी निघाले.

लुगड्याचे काचे घट्ट मारून आम्ही खेळायचो. पलीकडे नदीवर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत राहायच्या.

वच्छला आली ती दिवाळीनंतर, मधेच. धरणगावजवळच्या एका खेड्यातली. तिचा थोरला भाऊ तिला सोडायला आला, हेडबाईंशी खालच्या आवाजात बराच वेळ बोलला, आणि पत्र्याची पेटी व्हरांड्यात ठेवून मागं न बघता निघून गेला. ती माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला कुंकू होतं, पण सासरचा विषय निघाला की ती उठून हौदावर जायची. तिची खाट माझ्या खाटेशेजारी होती.

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं, सरळ होत नसत. दुसऱ्या पेरापासून ती आत वाकलेली. फळ्यावर लिहिताना ती खडू उरलेल्या तीन बोटांत धरायची. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "मनी बोटं अशीच शेतस." तेवढंच. मी पुन्हा विचारलं नाही.

पहिले काही दिवस ती मैदानाच्या कडेला बसून बघायची. "हाऊ काय खेळ शे व?" असं हसून म्हणायची. एका संध्याकाळी चेंडू तिच्यापाशी गेला. बाई ओरडल्या, "टाक इकडे!" तिनं चेंडू उचलला. बोटं सरळ होत नसल्यामुळे तो तळव्यात बसेना. मग तिनं त्या दोन बोटांची नखं चेंडूच्या शिवणीपाशी रोवली, खालून अंगठा लावला आणि चेंडू फेकला. फेकला म्हणण्यापेक्षा पुढं ढकलला.

तो चेंडू मी समोरून पाहिला. एरवी चेंडू येताना गरगरत येतो, त्याची शिवण दिसत नाही. हा फिरतच नव्हता. त्याचे लाल टाके एकेक करून मोजता आले असते. इतका सावकाश आला की मला वाटलं, हा वाटेतच पडणार. मग तो हवेत हलला, थोडा डावीकडे, थोडा परत, आणि माझ्या पंज्याच्या वीतभर आधी एकदम खाली गेला. माझ्या गुडघ्यावर आपटला.

बाई पुढं आल्या. चेंडू उचलून स्वतः तिच्याकडे घेऊन गेल्या. "पुन्हा टाक."

या वेळी तो उजवीकडे गेला.

त्या रात्री जेवणानंतर बाईंनी आम्हा दोघींना खोलीवर बोलावलं. त्यांच्याकडे एका अमेरिकन मासिकातून कापलेलं चित्र होतं. एका पोक्त माणसाचा हात, वाकलेल्या बोटांच्या नखांत धरलेला चेंडू. बाई म्हणाल्या, अमेरिकेत असा चेंडू टाकणारे मोजके लोक आहेत. त्याला ते पेरांचा चेंडू म्हणतात, पण खरं काम नखांचं. त्यात जोर लागत नाही, म्हणून बाकीच्यांचे खांदे गेले तरी हे लोक केस पिकेपर्यंत खेळतात. चेंडू कुठं जाणार ते मारणाऱ्याला कळत नाही, आणि फेकणाऱ्यालाही कळत नाही. "आणि झेलणाऱ्याला?" मी विचारलं. बाई हसल्या. "त्याच्याकडे तर कुणी बघतच नाही. त्याची बोटं मोडतात."

वच्छला चित्राकडे बघत होती. त्या माणसाची बोटं आणि आपली बोटं. तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं त्याला नाव द्यायला मी पुढं अनेकदा बसले, पण जमलं नाही.

"तुला कसं कळतं कसा टाकायचा?" बाईंनी विचारलं.

"माले काय माहित, बाई? मी फक्त ढकलस. पुढे तो जास तठे जास."

त्या चेंडूसाठी नखं हवीत, बोथट नाहीत आणि फार लांबही नाहीत. आमच्या मेट्रनबाई दर शनिवारी ओळीत उभं करून सगळ्यांची नखं तपासायच्या, कारण मास्तरणीची नखं वाढलेली असतील तर पोरं काय शिकणार? पहिल्या शनिवारी वच्छला कणकेत हात घालून बसली, दुसऱ्या शनिवारी तापाचं सोंग केलं. तिसऱ्या शनिवारी मेट्रनबाई कात्री घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा डॅनियलबाई लांबून म्हणाल्या, "आठ नखं तुमची. ती दोन माझी आहेत." मेट्रनबाईंनी खरंच आठ कापली.

त्या थंडीत आम्ही रोज पहाटे मैदानावर असायचो. दवानं गवत ओलं, चेंडू जड. नदीवरून वारा समोरून आला की तिचा चेंडू जास्त हलायचा, पाठीमागून आला की नुसताच यायचा. ती फेकण्याआधी मान वर करून वारा बघायची, शेतात उफणणी करणाऱ्या बाया बघतात तसा. माझे हात, मनगटं, पाय काळेनिळे झाले. हळूहळू मला एक गोष्ट समजली. तो चेंडू पकडायला जायचं नाही. हात उघडा ठेवून थांबायचं. तो शेवटी जिथं पडेल तिथं आपण असायचं. मला हे कुणी शिकवलं नाही, आणि नीट सांगताही येत नाही.

आम्ही फार बोलायचो असंही नाही. ती अस्सल अहिराणीत बोलायची, मी शहरातली, उत्तर पुस्तकी मराठीत द्यायचे. तिला माझं बोलणं ऐकून हसू यायचं.

बाईंची एक मैत्रीण जळगावला होती. तिनंही आपल्या मुलींना हा खेळ शिकवला होता. दोघींनी पत्रं लिहून सामना ठरवला, महिन्यावर आलेल्या एका रविवारी.

त्याच्या दोन आठवडे आधी, भेटीच्या दिवशी, एक म्हातारे गृहस्थ वसतिगृहावर आले. डोक्याला पांढरा फेटा, पायांवर वाटेची धूळ, हातात फडक्यात बांधलेली बोरं. वच्छला तेव्हा नदीवर धुणं धुवायला गेली होती. मी लिंबाखाली वाचत बसले होते.

"बेटा, वच्छला आठेच ऱ्हास ना?"

मी हो म्हटलं.

"मी तिना सासरा." ते थोडे थांबले. "माले फक्त तिले देखनं शे. दूरथीन देखसू, निंघी जासू. ती माले भेटाव नही."

त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं, आणि सांगून टाकलं की पुढच्या पुढच्या रविवारी आम्ही जळगावला खेळायला जाणार आहोत, तिथं मैदान उघडं आहे, कुणीही बघू शकतं. बोरं माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, "तिले सांगू नको." मी सांगितलं नाही. बोरं दुसऱ्याच मुलीच्या घरून आली असं म्हटलं. वच्छलानं ती मीठ लावून खाल्ली.

जळगावला जायचं म्हणजे धुळ्याहून चाळीसगाव, तिथं गाडी बदलायची. चाळीसगावच्या फलाटावर तीन तास काढले. पेरू, चिकट बाक, इंजिनाच्या वाफेची ओल. बाभळीचं दांडकं बघून हमाल विचारायचे, "बाई, हे कशाला?" आम्ही एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलो. रात्री जळगावात एका शाळेच्या वर्गात सतरंज्या घातल्या.

सकाळी मैदानाला ही गर्दी. बायका खेळणार म्हणून कापसाच्या जिनिंगातले कामगार, शाळेची मुलं, दुकानं उघडायची सोडून आलेले लोक. कुणी शिट्ट्या मारत होतं. पहिल्या चार-पाच जणी बाद झाल्या तशा शिट्ट्या थांबल्या. जळगावच्या मुली जोरात मारायच्या, पण वच्छलाचा चेंडू त्यांच्या दांडक्याला लागेना. त्या हसायच्या, वैतागायच्या, दांडकं आपटायच्या. लोक आता गप्प बसून चेंडूकडे बघत होते.

शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही एका धावेनं पुढं होतो. त्यांच्या दोघी बाद झाल्या होत्या, एक मुलगी तिसऱ्या पोत्यावर उभी होती. समोर मारायला त्यांची सगळ्यात उंच मुलगी. ही बाद झाली की संपलं. पण नियम असा, की तिसऱ्यांदा दांडकं चुकलं तरी चेंडू झेलणारीच्या हातात राहायला हवा. तो सुटला तर मारणारी पळू शकते आणि पोत्यावरचीही परत येऊन धाव काढते.

वच्छलानं पहिला चेंडू टाकला आणि मी दचकले. तो साधा होता. गरगरत, सरळ आला. त्या उंच मुलीनं तो जोरात मारला, रेषेबाहेर गेला म्हणून वाचलो. ती एक चूक मोजली गेली. दुसराही साधाच. तोही बाहेर गेला. दुसरी चूक. तिसरा असाच आला तर मैदानाबाहेर जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. मी उठून तिच्याकडे गेले.

"काय झालं?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. "तो येल शे."

मी वळून पाहिलं. मैदानाच्या कडेला दोरीपाशी ते पांढऱ्या फेट्यातले म्हातारे होते, आणि त्यांच्या शेजारी कोट घातलेला एक तरुण माणूस, हात छातीवर बांधून. दुसऱ्या कुणाला आणायचं म्हाताऱ्यांनी म्हटलं नव्हतं.

"तुना नवरा?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या बोलीत बोलले असेन.

तिनं होकाराची मान हलवली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला समजलं.

"तू सांगं?"

"हो."

चेंडू तिच्या हातात होता. मला वाटलं ती तो टाकून निघून जाईल, किंवा मला काहीतरी बोलेल. बाजूला कुणीतरी "खेळा, खेळा" ओरडत होतं. तिनं वाऱ्याकडे मान वर केली. वारा समोरून होता.

"जाय तुन्या जागावर," ती म्हणाली. "हात उघडा ठेव."

मी जाऊन बसले. तिनं नखं रोवली. चेंडू निघाला तो अजिबात फिरत नव्हता. मी त्याचे टाके पाहत होते. उंच मुलीनं दांडकं लवकर फिरवलं, चेंडू अजून आलाच नव्हता. मग तो डावीकडे सरकला, पंज्याच्या बाहेर, आणि खाली पडला. माझा उजवा हात उघडा होता. करंगळीत काहीतरी कडकन मोडलं. चेंडू हात आणि पोट यांच्यामध्ये कसा तरी अडकला, आणि मी त्याच्यावर पालथी पडले.

आमच्या मुली धावत आल्या. माझ्या कानात त्यांचा आवाज होता, पण मी मातीत तोंड घालून तशीच पडले होते. उठले तेव्हा तो कोटवाला मैदानात आला होता.

"चाल घर," तो वच्छलाला म्हणाला.

डॅनियलबाई मध्ये आल्या. "तुम्ही कोण?"

"हिना नवरा." त्यानं बाईंकडे बघितलंही नाही. मनगट धरायला हात पुढं केला. वच्छला मागं सरली नाही. तिनं आपला उजवा हात त्याच्या तोंडासमोर उभा धरला, तळवा पुढं करून. तेवढंच. तिची तीन बोटं सरळ आणि दोन वाकलेली.

म्हातारे मागून आले होते. त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला, आणि ती दोन बोटं अंगठ्यानं चाचपून पाहिली.

"ह्या आजून सरळ नही व्हयनात?"

"नही, आबा. आते व्हनार नही."

आबांनी हात सोडला नाही. मग मुलाकडे वळून म्हणाले, "चाल रे."

"पन आबा..."

"चाल म्हनस ना तुले."

ते दोघं गर्दीतून निघून गेले. तेव्हा मला समजलं की ती बोटं त्या कोटवाल्यानं वाकवली होती, आणि मी त्यालाच रस्ता दाखवला होता.

जळगावात एका हाडं बसवणाऱ्यानं माझ्या करंगळीला बांबूच्या कामट्या बांधल्या. परतीच्या गाडीत वच्छला माझ्या शेजारी बसली. पुढचे सहा आठवडे मला वेणी घालता येत नव्हती. रोज पहाटे मला न विचारता ती माझ्या मागं येऊन बसायची, तेल लावायची, ती वाकलेली बोटं केसांतून फिरवायची आणि घट्ट वेणी घालायची. त्या सहा आठवड्यांत मी रोज ठरवायचे की आज माफी मागायची. तिची बोटं केसांत असली की मी ते उद्यावर ढकलायचे. मग कामट्या सुटल्या आणि ती वेळही गेली.

परीक्षा झाल्या. डॅनियलबाईंची बदली दक्षिणेकडे कुठंतरी झाली, ट्रंक घेऊन त्या गेल्या. वच्छलाला सोनगीरला शाळा मिळाली. मी लग्न होऊन चाळीसगावला गेले. पुढं ऐकलं की तिच्या सासरच्यांनी सोडचिठ्ठी दिली आणि नवऱ्यानं दुसरी केली.

ट्रकच्या त्या मैदानात उभी असताना मला आठवत होतं ते मात्र जळगाव नाही. वच्छला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिची आठवण आली की मला साठ सालच्या सुमाराची एक दुपार दिसते.

शिरपूरला जाताना मी मध्येच सोनगीरला उतरले. किल्ल्याच्या पायथ्याची गल्ली, तांबटांच्या हातोड्यांचा एकसारखा ठणठणाट, उन्हात वाळत घातलेल्या मिरच्या. शाळेतल्या एका मुलीनं वच्छलाचं घर दाखवलं. ओट्यावर एक म्हातारा माणूस शेंगा फोडत बसला होता. दाणे एका सुपात, टरफलं दुसऱ्यात. डोक्याला फेटा नव्हता, म्हणून मी लगेच ओळखलं नाही. त्यांनी मात्र ओळखलं.

"तू ती झेलनारी ना?" ते म्हणाले. "तुना हात बरा शे?"

वच्छला शाळेतून आली. अंगावर धुवट पातळ, हाताला खडू. मला बघून ती अशी हसली की मधली वर्षं कुठं गेली कळलं नाही. तिनं आत नेलं, चूल पेटवली. बाहेर शेंगा फुटत होत्या, टक, टक.

"वच्छला," मी म्हटलं, "त्या वेळी मी त्यांना सांगितलं होतं. मला माफ कर."

ती भाकरी थापत होती. "तू सांगं, म्हनून तर आबास्नी मना हात देखा," ती म्हणाली. "बोटं वाकडीच ऱ्हायनात, हाई तोवर त्यास्ले कोनी सांगेल नव्हतं."

मी चुलीत एक काटकी सारली. मग विचारलं, "ते इथं कसे?"

"मागला वरीसले पोरगासंगे त्यासनं भांडन व्हयनं. मना मुळे. घर सोडीसन आबा चालत आठे उनात."

"आणि तू ठेवून घेतलंस? त्या घरातल्या माणसाला?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. बाहेरचा आवाज थांबला होता. तिनं मान वळवून ओट्याकडे बघितलं, आबा सूप मांडीवर घेऊन बसल्या बसल्या डुलकी घेत होते.

"आबा उनात, व," ती म्हणाली, "मी दार उघाडं."